शिक्षकाच्या प्रवासाची शिदोरी

उन्हाळ्याची दीर्घ सुट्टी संपून जूनच्या मध्यास शाळेची घंटा पुन्हा वाजते, तेव्हा जळगाव-धुळे परिसरातील पुष्कळ शिक्षक कोठून ना कोठून परतलेले असतात. कोणी बदरी-केदार करून आलेले असतात, कोणी दिल्ली-आग्रा पाहून, तर कोणी बडोद्याला लेकीकडे चार दिवस राहून. प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये शेकडो छायाचित्रे असतात. यातील तिसरी-चौथीच्या वर्गापर्यंत नेमके काय पोहोचते? बहुधा एखादा तास छायाचित्रे दाखविण्यात जातो, मुले कौतुकाने पाहतात आणि दुसऱ्या दिवसापासून पाठ्यपुस्तक उघडले जाते. प्रवास शिक्षकाचा होता, तो शिक्षकाचाच राहतो.

तो विद्यार्थ्यांचा कसा करता येतो, याचे एक उत्तम उदाहरण मराठी माणसानेच घालून दिले आहे. काकासाहेब कालेलकर (१८८५-१९८१) हे साताऱ्यात जन्मलेले, पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकलेले शिक्षक. बडोद्याचे गंगनाथ विद्यालय बंद पडल्यावर १९१२ मध्ये ते हिमालयाच्या वाटेस लागले. गंगोत्री, यमनोत्री, केदारनाथ, बदरीनाथ हा सारा डोंगराळ मुलूख त्यांनी पायी तुडविला. परतल्यावर लगेच त्यांनी पुस्तक लिहिले नाही. शांतिनिकेतनात काही काळ घालवून ते गांधीजींच्या साबरमती आश्रमात शिक्षक झाले आणि तेथील हस्तलिखित मासिकासाठी त्यांनी तो प्रवास गुजरातीत लिहून काढला. १९२४ मध्ये त्याचेच ‘हिमालयनो प्रवास’ हे पुस्तक झाले आणि पुढे ते मराठीतही आले. मातृभाषा मराठी असलेल्या या शिक्षकाने गुजराती इतकी आपलीशी केली की गांधीजी त्यांना ‘सवाई गुजराती’ म्हणत.

या उदाहरणात दोन गोष्टी ध्यानात घेण्याजोग्या आहेत. पहिली, अनुभव मुरण्यास काही वर्षे गेली. दुसरी, तो समोर बसलेल्या मुलांसाठी, त्यांच्या भाषेत आणि त्यांच्याच हस्तलिखितासाठी लिहिला गेला. हस्तलिखिताची ही परंपरा खानदेशास परकी नाही. अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये १९२४ ते १९३० या काळात शिक्षक असलेल्या साने गुरुजींनी वसतिगृहातील मुलांसाठी ‘छात्रालय’ हे हस्तलिखित दैनिक चालविले होते. शाळेची चार भिंतींची हद्द ओलांडून जग मुलांपुढे आणावयाचे, तर त्यासाठी मोठ्या खर्चाची गरज नसते. कोरे कागद, शाई आणि शिक्षकाची रोजची तासाभराची तयारी एवढ्यावर हे काम झाले आहे.

आजच्या प्राथमिक वर्गात हे कसे घडावे? प्रवासातील प्रत्येक गोष्टीला खानदेशातील एक जोडीदार शोधावा, म्हणजे निम्मे काम झालेच. हरिद्वारच्या गंगेतून आणलेला एक गोटा वर्गात ठेवावा आणि शेजारी गिरणेच्या किंवा पांझरेच्या पात्रातील गोटा ठेवावा. एक फिकट, एक काळा, दोन्ही गुळगुळीत. रंग वेगळा का? खानदेशचा बहुतेक खडक लाव्हारसापासून बनलेला काळा पाषाण आहे, हिमालयाचे खडक अनेक प्रकारचे आहेत. मग दोन्ही गोल कशाने झाले? याचे उत्तर दोन्हीकडे एकच: वाहत्या पाण्यात एकमेकांवर घासून. मुलाला हिमालय समजण्यापूर्वी गावची नदी समजते, आणि हा क्रमच योग्य आहे.

नद्यांच्या दिशेचेही तसेच. गोदावरी आणि कृष्णा पूर्वेकडे वाहतात, हे पुस्तकात वाचून पाठ होते. पण मध्य प्रदेशातील मुलताई येथे उगम पावून सुमारे ७२४ किलोमीटरचा प्रवास करणारी तापी पश्चिमेकडे जाते आणि सुरतेजवळ अरबी समुद्रास मिळते. नाशिकला गोदाकाठी उभा राहिलेला शिक्षक परतल्यावर मुलांना नकाशावर दोन दोरे धरावयास लावू शकतो: एक नाशिकहून बंगालच्या उपसागराकडे, दुसरा भुसावळजवळून सुरतेकडे. पूर्णा, वाघूर, गिरणा, बोरी, पांझरा या नद्यांचे छोटे दोरे तापीच्या दोऱ्यास बांधले की खानदेशचा नकाशा मुलांच्या हातांनी तयार होतो.

हवेचा पाठही असाच. मे महिन्यात जळगावचा पारा ४४-४५ अंशांना भिडतो, तेव्हा बदरीनाथला गेलेला यात्रेकरू लोकरी कपड्यांत असतो. जळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे २०० मीटरवर, तर बदरीनाथ सुमारे ३,१०० मीटरवर. दर किलोमीटर उंचीमागे तापमान साधारण सहा अंशांनी उतरते, एवढे सांगितले तर चौथीचे मूल ‘सहा त्रिक अठरा’ म्हणून उंचीमुळे पडणारा फरक स्वतः काढते. पाढा कशासाठी पाठ केला, हेही त्याला त्याच क्षणी कळते.

व्यापारी घरांतील मुलांना तर आणखी एक वाट मोकळी आहे. रावेर, यावल, सावदा या भागांतील केळी रेल्वेने आणि ट्रकने दिल्लीपर्यंत जातात. दिल्लीस गेलेल्या शिक्षकाने तेथील हातगाडीवर केळी पाहिली, तर ती कोठून आली, डझनाचा भाव काय आणि वाटेत किती हातांतून ती गेली, एवढे विचारून ठेवावे. परतल्यावर वर्गात केळीचा प्रवास मांडावा: बागेतील घड, कापणी, बाजारभाव, हमाली, गाडीभाडे, अडत, किरकोळ विक्री. शेतकऱ्याचे मूल पहिला टप्पा सांगेल, हमालाचे मूल मधला, अडत्याचे मूल पुढचा. गणित, भूगोल आणि एकमेकांच्या श्रमाची ओळख एकाच पाठात होईल.

एका गोष्टीची मात्र काळजी घ्यावयास हवी. एकाच बाकावर पालिताण्याची यात्रा करून आलेले मूल असते आणि तालुक्याबाहेर पाऊल न टाकलेले मूलही असते. शिक्षकाच्या प्रवासवर्णनाने दुसऱ्याला आपण काही कमी आहोत, असे वाटू लागले, तर सारा उद्योग व्यर्थ गेला असे समजावे. ‘सुट्टीत तुम्ही कोठे गेला होतात?’ हा प्रश्न सर्वांसमोर विचारणे म्हणूनच टाळावे. त्याऐवजी ‘तुम्ही काय नवीन पाहिलेत?’ असे विचारावे. त्याचे उत्तर प्रत्येक मुलाकडे असते.

आणि खानदेशात आणखीही एक मूल असते, ज्याच्या प्रवासाची दखल सहसा कोणी घेत नाही. साक्री-शिरपूर भागातील आणि सातपुड्याच्या पायथ्याची अनेक कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी गुजरातेत किंवा पश्चिम महाराष्ट्रात जातात व उन्हाळ्यात परततात. त्यांची मुलेही बरोबर जातात. हजेरीपटावर त्यांच्या नावापुढे महिनोन्‌महिने गैरहजेरी लागते. शासनाने अशा स्थलांतरित मुलांसाठी शिक्षण हमी कार्डाची सोय केली आहे, जेणेकरून ते जेथे जाईल तेथील शाळेत त्याला बसता यावे. पण परतल्यावर वर्ग त्याचे स्वागत कसे करतो? बहुधा ‘मागे पडलेला’ म्हणूनच. वास्तविक बारडोलीकडे चार महिने राहिलेल्या या मुलाने दोन राज्यांतील बाजार पाहिलेला असतो, गुजराती बोली कानावर घेतलेली असते, कदाचित सुरतेकडची विस्तीर्ण तापीही पाहिलेली असते. तापीच्या पाठात खानदेश सोडल्यावर नदी कशी दिसते, हे वर्गाला सांगण्याचा पहिला मान त्याचा आहे. शिक्षकाने आपला प्रवास सांगून झाल्यावर या मुलास उभे करावे आणि आदराने ऐकावे. त्या एका तासाने त्याचे अभ्यासातील नुकसान भरून निघणार नाही; परंतु शाळा आपली आहे, असे वाटून ते दुसऱ्या दिवशी पुन्हा येईल, याची शक्यता निश्चित वाढेल.

व्यापारी कुटुंबांनी हे विशेष जिव्हाळ्याने समजून घ्यावे, कारण त्यांचा स्वतःचा इतिहासही स्थलांतराचाच आहे. कोणाचे पूर्वज मारवाडातून आले, कोणाचे गुजरातेतून. अनोळखी गावात, परक्या भाषेत त्यांनी दुकान मांडले आणि कापूस-धान्याच्या व्यापारात पत निर्माण केली. तिसरीला परिसर अभ्यासात मुले आपल्या जिल्ह्याची ओळख करून घेतात, तेव्हा पेढीवरची जुनी खतावणी घेऊन एखाद्या आजोबांनी वर्गात जावे आणि आपले घराणे येथे कसे आले, पहिल्या पावसाळ्यात त्यांना कोणी आसरा दिला, हे मुलांना सांगावे. ऊसतोड कामगाराच्या मुलालाही तेव्हा उमगेल की पोटासाठी घर सोडणे ही लाज वाटण्याची गोष्ट नव्हे.

आपल्यापैकी अनेकजण शिक्षणसंस्थांच्या कार्यकारिणीवर आहेत. इमारतीस, संगणककक्षास देणग्या देण्याची परंपरा समाजात उत्तम आहे. त्या जोडीस दरवर्षी दोन-तीन प्राथमिक शिक्षकांच्या अभ्यासप्रवासाचा खर्च उचलण्याचा विचार व्हावा. अट एवढीच असावी की परतल्यावर शिक्षकाने आपल्या प्रवासावर आधारित पाच पाठ तयार करावेत, प्रत्येकास खानदेशातील एक जोड द्यावी आणि मुलांकडून त्याचे हस्तलिखित करून घ्यावे. ते हस्तलिखित शाळेच्या ग्रंथालयात ठेवावे, म्हणजे पुढच्या वर्षीच्या शिक्षकासही ते उपयोगी पडेल. एका शिक्षकाच्या रेल्वेभाड्याची रक्कम आपल्या घरच्या एखाद्या छोट्या समारंभाच्या खर्चाहून अधिक नसते. शाळा सुरू होण्यापूर्वी होणाऱ्या संस्थेच्या पहिल्या सभेत हा विषय कार्यक्रमपत्रिकेवर घेतला, तर पुढच्या दिवाळीच्या सुट्टीतच त्याचा आरंभ होऊ शकेल.