दगडाला जात नसते, हातपंपाला असते

"किनवटच्या पाण्यात फ्लोराइड आहे, ते दगडातूनच येतं. प्रशासन त्याला काय करणार?" हा युक्तिवाद आपण आणखी किती वर्षं ऐकायचा? अर्धं सत्य सांगून पूर्ण जबाबदारी झटकण्याची ही जुनी रीत आहे. म्हणून आधी दगड समजून घेऊ.

लातूर काळ्या बेसाल्टवर वसलंय. नांदेडच्या किनवट, देगलूर, बिलोली भागांत ग्रॅनाइट लागतो. फ्लोराइट, अ‍ॅपेटाइट, कृष्णाभ्रक या त्यातल्या खनिजांत फ्लोराइड असतं. पाण्यात कॅल्शियम भरपूर असेल तर ते फ्लोराइडला बांधून ठेवतं. कॅल्शियम घटून सोडियम वाढलं, की फ्लोराइड पाण्यात सुटतं. पाणी दगडात जितकं जास्त काळ मुरलेलं, तितका धोका मोठा. म्हणजे दुष्काळात बोअर खोल नेणं हा उपाय नाही.

दुसरा भ्रम, 'काळी माती सगळं गाळून घेते.' या मातीतल्या चिकणखनिजांवर ऋणभार असतो. शिसं, अमोनियम असे धनभारित कण ती धरून ठेवते. नायट्रेट ऋणभारित, ते थांबत नाही. खताचं, उकिरड्याचं, शोषखड्ड्याचं नायट्रेट पावसाबरोबर खाली उतरतं. उन्हाळ्यातल्या भेगा पहिल्या पावसाला वाटच करून देतात.

इथवर निसर्ग. पुढे व्यवस्था सुरू होते. ज्याच्याकडे पैसा आहे तो जारचं पाणी आणतो. बौद्धवाडा, मातंगवस्ती, तांडा, कोलामांचा गुडा एका हातपंपावर जगतो. पोरांचे दात पिवळे पडतात, म्हाताऱ्यांची हाडं वाकतात, आणि त्याला नशीब म्हणतात.

हे नशीब नाही, कारण इलाज माहीत आहे. तुरटी आणि चुना वापरून फ्लोराइड काढण्याची 'नलगोंडा' पद्धत नागपूरच्या 'नीरी'ने कधीच शोधली. सक्रिय अ‍ॅल्युमिनाही फ्लोराइड धरून ठेवतो. पाणी उकळून मात्र ते जात नाही, हे घरोघरी सांगा.

१९२७ साली महाडला बाबासाहेबांनी पाण्यावरचा हक्क मिळवण्यासाठी सत्याग्रह केला. त्या हक्कात शुद्ध पाणी येत नाही का?

मित्रांनो, जयंतीच्या वर्गणीतून थोडे पैसे बाजूला काढा. आपल्या वस्तीच्या प्रत्येक हातपंपाचं पाणी तपासून घ्या. फ्लोराइड लिटरला १.५ मिलिग्रॅमच्या वर किंवा नायट्रेट ४५ च्या वर निघालं, तर अहवाल ग्रामसभेत मांडा, पर्यायी पाण्याचा ठराव घ्या. गावाची सरासरी ऐकून घेऊ नका. सरासरी कोणी पीत नाही.

जय भीम!