राखीव माणसाची जादा फेरी

गेल्या महिन्यात बेलूरला आमच्या एका स्नेह्यांकडे जाण्याचा योग आला. धारवाडहून कित्तूरकडे जाणाऱ्या महामार्गालगतचे हे गाव आता औद्योगिक वसाहतीमुळे ओळखले जाते. आमचे स्नेही हुबळीस रेल्वेत इंजिनचालक होते; निवृत्तीनंतर ते येथे घर बांधून राहिले. त्यांचा नातू एका विमान कंपनीत सहवैमानिक असून तो चार दिवस घरी आला होता. पाने मांडली जात असतानाच त्याचा दूरध्वनी खणखणला. परवाच्या सुट्टीच्या दिवशी एक जादा फेरी कराल काय, अशी कंपनीच्या कचेरीची पृच्छा होती. नातवाने नम्रपणे नकार दिला. आजीबाईंना ते रुचले नाही. “चालून आलेल्या लक्ष्मीला नाही म्हणू नये रे,” असे त्या म्हणाल्या. त्यावर नातू हसून म्हणाला, “आजी, ती लक्ष्मी माझ्या खात्यात येतच नाही.”

हे कोडे आम्हांसही उलगडेना. जेवणानंतर त्याने कागद पुढे ओढून आम्हांस हिशेब समजावून दिला. ज्यांची मुले वा जावई या व्यवसायात आहेत, अशी घरे आपल्या वाचकांतही असतील. म्हणून तो येथे देत आहोत.

काही वैमानिकांना महिन्याचे उड्डाणपत्रक आधीच नेमून दिलेले असते. काहींना मात्र राखीव ठेवतात. कोणी आजारी पडला, कोठे विमान रखडले, तर यांना बोलवायचे. बोलावणे येवो न येवो, त्यांनी सज्ज राहावयाचे. या सज्जतेचा मोबदला म्हणून काही तासांचे वेतन ठरलेले असते. अमेरिकेत अनेक कंपन्यांच्या करारांत ते महिन्याला ७० ते ७५ तासांचे असते.

आता उदाहरणादाखल धरा की, ठरीव वेतन ७० तासांचे आहे आणि राखीव वैमानिकाचे प्रत्यक्ष उड्डाण ४८ तासांचे झाले आहे. त्याने सुट्टीच्या दिवशी ६ तासांची जादा फेरी केली. करारात हे तास ठरीव वेतनाच्या आत धरावयाचे असतील, तर बेरीज ५४ होते. ती ७० च्या आतच राहते आणि त्याला एक पैसाही अधिक मिळत नाही. हेच तास ठरीव वेतनाच्या वर धरावयाचे असतील, तर त्याला ७६ तासांचे वेतन मिळते. फेरी तीच, श्रम तेच. अंतर केवळ करारातील एका वाक्याचे!

याहूनही सूक्ष्म अडचण विश्रांतीच्या नियमाची आहे. अमेरिकेतील नियमानुसार कोणत्याही सलग १६८ तासांत किमान ३० तासांची अखंड विश्रांती झालेली असावी लागते. सुट्टीत जादा फेरी केली की पुढला राखीव दिवस त्या विश्रांतीत जाऊ शकतो. असा दिवस गमावल्यास काही करारांनुसार ठरीव वेतनातून त्याचा हिस्सा कापला जातो. महिन्यात १८ राखीव दिवस धरले, तर ७० तासांतून एका दिवसाचे सुमारे ३ तास ५३ मिनिटे जातात. म्हणजे ६ तासांच्या फेरीतून हाती दोन तासांहून थोडेच अधिक उरतात, आणि सुट्टी गेली ती गेलीच.

आजोबा इतका वेळ शांतपणे ऐकत होते. ते म्हणाले, “यात नवे काय आहे? आमच्या वेळी लिंकमधले आणि स्पेअरमधले असे दोन वर्ग होतेच. रात्री दोन वाजता कॉल बॉय दार ठोठावी, वहीवर सही घेई; की निघालो लोंढ्याला, नाहीतर कॅसलरॉकला. मायलेज मिळे ते गाडी धावली तर. घरी कान देऊन बसलेल्या रात्रींचे मायलेज कोण देणार?” १९७३ च्या ऑगस्टमधील इंजिनचालकांच्या आंदोलनाची त्यांनी आठवण काढली. त्या वेळी १० तासांच्या कामाची मागणी सरकारने मान्य केली; पुढे ८ मे १९७४ पासून देशव्यापी रेल्वे संप झाला. पैशाइतकाच झोपेचा प्रश्न त्या लढ्यांत होता, असे त्यांचे म्हणणे.

आपल्या देशातील अलीकडच्या घटना याच सूत्रात बसतात. २०२४ च्या आरंभी विस्तारा कंपनीने नव्या वेतनरचनेत ठरीव तास ७० वरून ४० वर आणले. ज्याला भरपूर उड्डाणे मिळतात त्याचे फारसे बिघडत नाही. ज्याला वाट पाहत बसावे लागते त्याचे मात्र ३० तासांपर्यंत नुकसान होते. वैमानिकांत असंतोष पसरला आणि त्या वर्षीच्या मार्च-एप्रिलमध्ये अनेक उड्डाणे रद्द झाली. (ही कंपनी १२ नोव्हेंबर २०२४ रोजी एअर इंडियात विलीन झाली.) पुढे २०२५ मध्ये १ जुलै व १ नोव्हेंबर अशा दोन टप्प्यांत विश्रांतीचे नवे नियम लागू झाले. साप्ताहिक विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांची झाली आणि रात्री विमान उतरविण्याची मर्यादा ६ वरून २ वर आली. त्या प्रमाणात मनुष्यबळाची तजवीज झालेली नव्हती. डिसेंबरमध्ये इंडिगोची हजारो उड्डाणे रद्द झाली. ५ तारखेस तर एकाच दिवशी हजाराहून अधिक! राखीव माणूस पुरेसा नसला म्हणजे काय होते, हे त्या दिवशी विमानतळांवर ताटकळलेल्या प्रवाशांना कळले.

आमचे सांगणे एवढेच की, वाट पाहणे हेही काम आहे, हे घरातल्यांनी ओळखावे. तो घरी बसून फुकटचा पगार घेतो, असे कोणी म्हणू नये. आणि तरुणांनी जादा फेरीस होकार देण्यापूर्वी तीन गोष्टी विचारून घ्याव्यात: हे तास ठरीव वेतनाच्या आत की वर? पुढला राखीव दिवस गेल्यास वेतन कापणार काय? आणि आपली झोप पुरी होणार काय? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे करारात सापडतील. तिसऱ्याचे ज्याचे त्यानेच प्रामाणिकपणे द्यावयाचे आहे, कारण त्याच्या पाठीमागे शे-दीडशे प्रवासी विश्वासाने बसलेले असतात.

आम्ही निघालो तेव्हा नातू माडीवर गाढ झोपला होता. आजीबाईंनीच त्याचा दूरध्वनी उचलून आतल्या खोलीत नेऊन ठेवला होता.