परदेशी सुनेचे माप

पुण्याच्या महात्मा फुले मंडईला माणसाची पारख लवकर होते. पंधरा वर्षे परदेशी काढून परतलेल्या मुलाबरोबर आलेली गोरी सून पहिल्या दिवशी कुतूहलाचा विषय असते. महिन्याभरात ती ‘मेथी कशी दिली?’ असे विचारू लागते आणि गाळ्यावरची मावशी तिला ‘ये गं पोरी’ म्हणून जवळ करते. १८८६ मध्ये लॉर्ड रे या ब्रिटिश गव्हर्नरच्या नावाने उभी राहिलेली ही वास्तू पुढे महात्मा फुल्यांच्या नावाने ओळखली जाऊ लागली. परके ते आपले करण्याची रीत मंडईच्या दगडांनाही ठाऊक आहे!

कायद्याला मात्र अशी घाई करून चालत नाही, आणि ते योग्यच आहे. नागरिकत्व कायद्याच्या कलम ७-अ नुसार भारतीय नागरिकाच्या परदेशी पत्नीला वा पतीला ‘ओसीआय’ कार्ड मिळू शकते. त्यासाठी विवाहाची नोंदणी झालेली हवी, अर्जापूर्वी तो सलग दोन वर्षे टिकलेला हवा आणि सुरक्षाविषयक पडताळणीही हवी. हे कार्ड हाती आले की आजीवन व्हिसा मिळतो आणि परदेशी नागरिक म्हणून पोलिसांकडे नोंदणी करावी लागत नाही. मतदानाचा हक्क मिळत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. केवळ कागदोपत्री विवाह करून देशात शिरणाऱ्यांना रोखायचे, तर एवढी कसोटी आवश्यकच म्हटली पाहिजे. परतणारी कुटुंबे मुलांची शाळा आणि सदनिका वर्षभर आधी ठरवतात. विवाहनोंदणीच्या कागदांची आठवण मात्र त्यांना सामान बांधताना होते, हा दोष कायद्याचा नव्हे.

परंतु याच कायद्यात एक उणीव आहे. न्यायालयातून विवाहविच्छेद झाला, तर कलम ७-ड अन्वये सरकार हे कार्ड रद्द करू शकते. संसार दोन वर्षांचा होता की वीस वर्षांचा, असा भेद तेथे केलेला नाही. जिने सासूची शुश्रूषा केली, मुलांना शुभंकरोति शिकवले, तिचा येथील मुक्काम अखेर पतीच्या मर्जीवर टांगलेला राहावा काय? कार्डाला पाच वर्षे झाल्यावर नागरिकत्वासाठी अर्ज करण्याची वाट आहे. पण भारत दुहेरी नागरिकत्व मानत नसल्याने त्या वाटेवर माहेरच्या देशाचे नागरिकत्व सोडावे लागते, आणि तिचे वृद्ध आईवडील तिकडेच असतात.

स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेल्या ईव्ह यांनी १९३२ मध्ये विक्रम खानोलकर या मराठी लष्करी अधिकाऱ्याशी विवाह केला आणि त्या सावित्रीबाई झाल्या. त्यांनी महाराष्ट्रातील संतांवर लेखन केले. स्वतंत्र भारताच्या परमवीर चक्राची रचनाही त्यांचीच. बाहेरून आलेली सून राष्ट्राला काय देऊ शकते, याचा याहून उज्ज्वल दाखला कोणता हवा?

म्हणून शासनाने एवढे करावे : सलग दहा वर्षे भारतात संसार केलेल्या व्यक्तीचे कार्ड केवळ विवाहविच्छेदाच्या कारणाने रद्द करू नये. फसवणूक किंवा देशविरोधी कृत्य असेल, तर कारवाईसाठी इतर तरतुदी आहेतच. समाजानेही आपले कर्तव्य ओळखावे. सून असो वा जावई, त्या व्यक्तीची कागदपत्रे वेळेवर पूर्ण करणे ही सासरची जबाबदारी आहे. उंबरठ्यावर माप ओलांडायला लावून जिला आपण लक्ष्मी म्हणतो, तिला या घरात आणि या देशात स्वतःच्या पायावर उभे राहता आले पाहिजे.