"दुर्बिणीने होईल का?" याच्या पुढचा प्रश्न

नगर-मनमाड रोडने जाताना दवाखान्यांचे बोर्ड वाचा. 'दुर्बिणीद्वारे शस्त्रक्रिया' हे शब्द दिसतातच. पित्ताशयात खडे निघाले की नातेवाइकांचे दोन प्रश्न ठरलेले असतात, "दुर्बिणीने होईल का?" आणि "खर्च किती?" तिसरा कुणी विचारत नाही, "डॉक्टरसाहेब, हे काम तुम्ही कुठं शिकलात?"

दुर्बिणीला माझा विरोध नाही. भारतात दुर्बिणीने पित्ताशय काढायला सुरुवात झाली 1990 साली, मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात. करणारे डॉ. तेहेमटन उडवाडिया. म्हणजे सुरुवातच सरकारी दवाखान्यातून झाली. आणि खरी गरजही गरिबालाच आहे. पोट उघडून ऑपरेशन झालं तर पेरू तोडणीला जाणाऱ्या बाईचा महिना-दीड महिन्याचा रोज बुडतो. दुर्बिणीने झालं आणि सगळं सुरळीत असलं, तर एक-दोन आठवड्यांत ती हिंडू-फिरू लागते.

पण जखम लहान म्हणजे ऑपरेशन लहान, असं नसतं! साडेचार वर्षं एमबीबीएस, एक वर्ष इंटर्नशिप, मग तीन वर्षं एम.एस., तेव्हा कुठं जनरल सर्जन तयार होतो. दुर्बिणीचा हात त्यानंतरही घडवावा लागतो. बोटांना आतलं काही लागत नाही. सपाट पडद्यावर खोलीचा अंदाज घ्यायचा, आणि हात डावीकडे नेला की हत्याराचं टोक उजवीकडे जातं. शेजारची पित्तनलिका चुकून कापली गेली तर पेशंट वर्षानुवर्षं भोगतो. हे कसब काही दिवसांच्या कोर्सचं सर्टिफिकेट भिंतीवर लावून येत नाही. जाणत्या सर्जनच्या हाताखाली अनेक केसेस कराव्या लागतात.

आता आपल्या लोकांबद्दल. आत सूज आहे, चिकटलंय, नीट दिसत नाही, असं असेल तर शहाणा सर्जन दुर्बीण बाजूला ठेवून पोट उघडतो. यात त्याची हार नाही, त्यानं पेशंटचा जीव जपलेला असतो. पण बाहेर नातेवाईक गोंधळ घालतात, "दुर्बिणीचं ठरलं होतं, टाके का घातले?" या भीतीपोटी एखादा डॉक्टर नको तितका वेळ दुर्बिणीवरच अडून बसला, तर नुकसान कुणाचं?

लोणीला 1984 पासून मेडिकल कॉलेज आहे, तेही आपल्याच तालुक्यात. शिकलेले सर्जन काही लांब नाहीत. म्हणून माझी मागणी साधी आहे. प्रत्येक दवाखान्यानं ऑपरेशन करणाऱ्या सर्जनची पदवी, मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक आणि दुर्बिणीचं प्रशिक्षण कुठं झालं, हे मराठीत दर्शनी भागात लावावं.

आणि आपण सही करण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात. अशी ऑपरेशनं तुम्ही किती केलीत? भूलतज्ज्ञ कोण आहेत? पोट उघडावं लागलं तर इथंच सोय आहे का?

चांगल्या डॉक्टरला या प्रश्नांचा राग येत नाही. ज्याला येतो, तिथून रिपोर्टची फाईल घेऊन सरळ उठावं.