हसू कोणावर, हसू कोणासवे

उद्यानातील हास्यक्लब आपणां नवी मुंबईकरांस नवा नाही. डॉ. मदन कटारिया यांनी १९९५ साली मुंबईतील एका बागेत अवघ्या पाच जणांसह तो सुरू केला. (हर्निया असल्यास वा पोटाची शस्त्रक्रिया नुकतीच झालेली असल्यास आधी डॉक्टरांना विचारावे.) तेथे हसण्यास कारण लागत नाही.

वासू प्रिमलानी यांच्या विनोदाला मात्र कारण असते, आणि पुष्कळदा ते वेदनेचे असते. आपण समलिंगी आहोत हे उघड सांगून रंगमंचावर एकट्याने उभ्या राहणाऱ्या भारतातील पहिल्या विनोदकारांत त्यांची गणना होते. लैंगिक अत्याचारासारखा विषयही त्या टाळत नाहीत. शरीरात साठून राहिलेल्या आघातावर उपचार करणे हाही त्यांचा व्यवसाय. २०१५ चा नारीशक्ती पुरस्कार त्यांना लाभला.

आमच्या पिढीने अशा माणसांवरचे विनोद ऐकले, सांगितलेही. मीही हसलो आहे. टीव्हीवर तसा विनोद झाला आणि आपण हसलो, की शेजारचा नातू मुकाट्याने आत जातो. पुढच्या वेळी तो उठला, तर टीव्ही बंद करा, त्याला चहा विचारा. बोलायचे की नाही, ते तो ठरवील.