लग्नाआधीचं लेझर आणि आमच्याच पेपरातली जाहिरात

पोस्ट लांबलीय. पण घरात लग्नाची मुलगी असेल तर वाचाच.

गेल्या आठवड्यात ओळखीतले एक काका घरी आले. सोबत मुलगी, तोंडाला ओढणी बांधलेली. लग्न तीन आठवड्यांवर. ओढणी सोडली तर हनुवटीवर आणि जबड्याच्या कडेने काळपट चौकोनी डाग, शिक्के मारल्यासारखे. गावातल्या एका पार्लरमध्ये लेझरचं पॅकेज घेतलं होतं. काकांनी खिशातून कात्रण काढलं. "तुमच्याच पेपरात होतं ना रे, म्हणून गेलो."

जाहिरात होती : 'एकाच सिटिंगमध्ये केस कायमचे गायब.'

एका सिटिंगमध्ये ते होतच नाही. केसातला काळा रंग, म्हणजे मेलॅनिन, लेझरचा प्रकाश शोषून तापतो आणि त्या उष्णतेने केसाचं मूळ भाजतं. पण सगळे केस एकाच वेळी वाढत नसतात. जे त्या दिवशी वाढीला लागलेले असतात तेवढेच नीट सापडतात, बाकीचे सुटतात. म्हणून साधारण चार ते आठ आठवड्यांच्या अंतराने सहा-आठ वेळा जावं लागतं. पांढऱ्या केसात रंगच नाही, तिथे लेझरचा उपयोग नाही. आणि 'कायमचे' म्हणाल तर अमेरिकेची एफडीएसुद्धा केस कायमचे 'कमी होतात' एवढंच म्हणू देते. तीन आठवड्यांवर लग्न असलेल्या मुलीला हे विकणं म्हणजे आज पेरून उद्या कापणी.

आता डाग का पडले? मेलॅनिन आपल्या कातडीतही असतं, आणि सावळ्या कातडीत जास्त. केस कुठला, कातडी कुठली हे मशीनला कळत नाही, ते चालवणाऱ्याला कळावं लागतं. 1064 नॅनोमीटरचं एनडी-याग लेझर कातडीच्या वरच्या थरात कमी शोषलं जातं, म्हणून आपल्यासारख्यांना तुलनेने सुरक्षित. तरी ताकद किती ठेवायची, कातडी गार कशी ठेवायची हे शिकावं लागतंच. ही मुलगी रोज भर उन्हात स्कूटीवर कॉलेजला जाते. रापलेल्या कातडीवर लेझर मारत नाहीत. तिला कुणी विचारलंच नाही.

आणखी एक प्रश्न कुणी विचारला नाही, आणि मला तो सगळ्यात मोठा वाटतो : पाळी नियमित येते का? येत नव्हती. हनुवटीवर राठ केस आणि पाळीची गडबड एकत्र दिसली की आधी पीसीओएस आहे का ते तपासायचं असतं. आतलं बिघडलेलं तसंच राहिलं तर वरून कितीही भाजा, नवे केस येत राहणार. क्वचित चेहऱ्यावर लेझरनंतर उलट केस वाढतातही.

नीट केलं तर काय होतं तेही सांगतो. रबरबँड तटकन लागल्यासारखं वाटतं, दिवस-दोन दिवस लाली राहते. फोड आला तर 'होतं असं' म्हणून घरी बसायचं नाही. आधी रेझर चालतो, पण वॅक्सिंग-थ्रेडिंग नको, कारण मूळच उपटलं तर लेझर भाजणार काय? चेहऱ्याचं काम असेल तर डोळ्यांवर जाड चष्मा हवाच. या मुलीला रुमाल दिला होता.

पार्लरवाल्या ताईंशी बोललो. मशीन कर्जावर घेतलंय, विकणाऱ्याने दोन दिवस शिकवलं, हप्ता दर महिन्याला. त्यांच्यावर पूर्ण राग धरवत नाही. पण दोन दिवसांच्या शिकवणीवर दुसऱ्याच्या चेहऱ्यावर मशीन धरायचं नसतं, हे त्यांना तोंडावर सांगितलं.

तक्रार करा, असं काकांना म्हटलं. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात फसव्या जाहिरातीला 10 लाखांपर्यंत दंड आहे. काका हात जोडून म्हणाले, "लग्न होऊ दे रे बाबा, नाव कुठं येऊ देऊ नको." म्हणजे तक्रार नाही, म्हणून बातमी नाही, म्हणून ही पोस्ट. अशी किती घरं गप्प बसली असतील?

मुलगी आता जिल्ह्याच्या गावी त्वचारोगतज्ज्ञांकडे जातेय. डाग फिकट होतील म्हणाले, पण महिने लागतील. मुहूर्त बदललेला नाही.

ऑफिसात जाहिरात थांबवायला सांगितलं. उत्तर मिळालं, "वर्षाचं बुकिंग आहे." रविवारी तिसऱ्या पानावर पुन्हा आली.