फसलेले प्रयोगही छापून यावेत

पोलादपूर तालुक्यातल्या कुडपणसारख्या डोंगरावरच्या गावात लाल विंचू चावला, तर घाट उतरून पोलादपूर नाहीतर महाड गाठावं लागतं. एके काळी तिथे पोहोचूनही भरवसा नसे. दरदरून घाम, गारठलेले हातपाय, उलट्या, मग धाप आणि तोंडावाटे गुलाबी फेस. धडधाकट माणूस काही तासांत जायचा.

डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ मध्ये महाडजवळच्या बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात रुजू झाले आणि हे मृत्यू पाहू लागले. रुग्णाच्या उशाशी बसून ते नाडी, रक्तदाब, घाम, श्वास टिपत राहिले. त्यातली सुरुवातीची लक्षणं १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आली. रक्तदाबावरची प्राझोसिनची साधी गोळी या विषावर लागू पडते, हे १९८६ मध्ये त्याच नियतकालिकात छापून आलं. स्वस्त गोळी, तालुक्याच्या गावीही मिळणारी. मृत्यू झपाट्याने घटले.

खरी कसोटी पुढे होती. बावस्कर पती-पत्नींनी महाडमध्ये ७० रुग्णांवर चाचणी घेतली. निम्म्यांना नुसतं प्राझोसिन, निम्म्यांना त्याच्या जोडीला विंचवाच्या विषावरचं प्रतिविष. दहा तासांत प्रतिविष मिळालेल्या ३५ पैकी ३२ जण पूर्ण बरे झाले. नुसत्या गोळीवरचे ३५ पैकी ८. ज्या गोळीने डॉक्टरांचं नाव जगभर झालं, ती एकटी मागे पडली, आणि हे त्यांनी स्वतःच २०११ मध्ये ‘बीएमजे’ या वैद्यकीय नियतकालिकात मांडलं. कोणाला कोणता उपचार मिळतोय हे डॉक्टर आणि रुग्ण दोघांनाही ठाऊक होतं, ही चाचणीची मर्यादा तर शीर्षकातच सांगितली. असं लिहायला धैर्य लागतं.

हे प्रतिविष घोड्यांच्या रक्तातून बनतं. ते किती ताकदीचं आहे हे तपासताना विष आणि प्रतिविष एकत्र करून उंदरांना टोचतात आणि किती जगले ते मोजतात. यात प्राण्यांचे जीव जातात, म्हणून त्यांच्यावरच्या प्रयोगांची नोंद तर अधिकच काटेकोर हवी. प्राण्यांना पर्याय शोधा, संख्या घटवा, वेदना कमी करा, हे रसेल आणि बर्च या शास्त्रज्ञांनी १९५९ मध्येच सांगितलं होतं. किती प्राणी, गट कसे पाडले, किती वगळले आणि का, हे निबंधात असावं, असं २०१० ची ‘अराईव्ह’ मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. फसलेला प्रयोग कपाटात राहिला, तर दुसऱ्या शहरात तोच प्रयोग पुन्हा होतो आणि तितकेच उंदीर पुन्हा मरतात.

औषधचाचण्यांच्या नियमांतल्या २०२३ च्या दुरुस्तीनंतर भारतात नव्या औषधांच्या चाचणीसाठी प्राण्यांऐवजी मानवी पेशी, चिपवरचे अवयव, संगणकी प्रारूपं यांची वाट मोकळी झाली. या पद्धती कुठे चुकतात तेही छापून आलं, तरच डॉक्टर त्यांच्यावर विसंबतील. माणसांवरच्या चाचण्यांची आगाऊ नोंदणी भारतात २००९ पासून सक्तीची आहे. प्राण्यांवरच्या प्रयोगांनाही तीच सक्ती लावावी, आणि निकाल जाहीर केल्याशिवाय त्या संशोधकाला पुढची परवानगी देऊ नये.